चुकलेल्या पौर्णिमेचा सण

३ फेब्रुवारी १९५६, शुक्रवार

वन्संचं कार्ड आलं! सूनबाईने वाचलं. दोनदा वाचायला लावलं — पहिल्या वेळी वाटलं, हीच काहीतरी पदरचं घालतेय.

"सव्वीस मार्चला सकाळच्या गाडीने सणाला येते. मुलांना आपल्या धर्माचं काय येतं ते पाहीन. येत नसेल तर जूनपासून दोघांना मुंबईला माझ्याजवळ ठेवून आपल्या शाळेत घालू. दानियलशी बोलणं झालेलं आहे."

झालेलं आहे! दानियल माझा मुलगा. राहतो माझ्या घरात, जेवतो माझ्या हातचं, आणि बोलणं होतं आत्याशी. मिलमधून आला तसा दारातच धरला. म्हणाला, "आई, मला तिनेच शिकवलं. तिला नाही कसं म्हणू? आणि पोरांना इथे आहे तरी काय?"

काय आहे म्हणजे? मी आहे की!

वन्सं म्हणजे माझी नणंद, हन्नाबाई. तोंडावर मी वन्सं म्हणते. पाठीमागे काय म्हणते ते लिहायला सूनबाई तयार नाही. त्यांचे दोन्ही मुलगे बोटीत बसून इस्राएलला गेले, तिकडेच घरं केली. आता यांना माझी नातवंडं हवीत.

अख्ख्या बुऱ्हाणपुरात बेने इस्राएलांचं, म्हणजे आम्हा मराठी यहुद्यांचं, घर एकच, ते आमचं. तेव्हा मिल्का आणि एझ्रा शिकणार कुणाकडून? मिल्का नऊची, एझ्रा सहाचा. गेल्या मे महिन्यात अलिबागच्या लग्नात वन्संनी चारचौघांत विचारलं, "एझ्रा, शेमा म्हणून दाखव बाळा." शेमा म्हणजे आमची मुख्य प्रार्थना. एझ्राने हात जोडले, डोळे मिटले, आणि शेजारच्या रंभाबाईकडची आरती म्हटली. पुरती. टाळ्यांसकट! वन्सं जेवणावरून उठल्या. त्या रागात यंदा सणांचं छापील कॅलेंडरही पाठवलं नाही. दर वर्षी पाठवायच्या.

नको तर नको. मला अक्षर येत नाही, पण चंद्र दिसतो.

दिवस मावळत आला. शब्बाथ लागला की लिहिणं बंद. सूनबाई, उठ. दिवा लाव.

५ फेब्रुवारी, रविवार

काल शनिवार, म्हणून लिहिलं नाही. बोललेच नाही असं नव्हे.

शाळा सुरू केली. ओसरीवर सतरंजी, दोन विद्यार्थी, एक छडी. छडी मांजरासाठी.

पहिला धडा शब्बाथ. देवाने सहा दिवसांत जग केलं, सातव्या दिवशी थांबला. म्हणून आपण शनिवारी चूल पेटवत नाही. एझ्रा म्हणाला, "आजी, देव थक गया?" म्हटलं, थकला नाही रे. त्याला सासू नव्हती, म्हणून थांबता आलं. सूनबाई हे लिहिताना मान खाली घालून हसतेय. लिही — हसतेय.

रंभाबाई कुंपणावरून ऐकत होती. जसोंडीला तिची केळीची शेती, पण ती राहते इथे, सिंधीपुऱ्यात, माझ्या डोक्यावर. म्हणते, "मावशी, शनिवारले चूल बंद, मंग खाता काय?"

"शुक्रवारचं."

"मंग शुक्रवारी डबल काम! सुट्टी कुठची? हे तं माणसांनीच बनवलं असंन, बाईनं नाही बनवलं."

मी छडी मांजराला दाखवली.

८ फेब्रुवारी, बुधवार

धडा दुसरा, मासळी. ज्या माशाला खवले आणि पर, तो आपला. बाकीचे नाहीत. पोरांना तापीकाठच्या बाजारात घेऊन गेले, म्हटलं बोटाने दाखवून शिकवू. चुकलं माझं. एझ्राला शिकलेलं पोटात ठेवता येत नाही. एकेका कोळणीच्या टोपलीपाशी बसायचा, मासा उलटा करायचा आणि मोठ्याने निकाल द्यायचा — "ये चलेगा. ये नहीं चलेगा. ये तो बिलकुल नहीं!" गिऱ्हाइकं थबकली. एक बाई हातातला मासा परत टाकून निघूनच गेली. कोळणीने जे ऐकवलं ते सूनबाईच्या वहीत बसणार नाही.

पण धडा पक्का झाला. हे वन्संना सांगायचं. कोळणीचं नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

मिल्काने शेमा न अडखळता म्हटला! चाल रंभाबाईच्या भजनाची. असू दे. शब्द तर आपले आहेत.

१९ फेब्रुवारी, रविवार

दानियल आणि रंभाबाईचा नवरा शालिग्राम ओट्यावर भांडत होते. राज्यं तोडून नवी जोडणार म्हणे. बुऱ्हाणपूर मराठीत जाणार की हिंदीत राहणार? शालिग्राम म्हणतो, "आपल्याले कोणी विचारून नाही राहिलं. केळ्याले भाव मिळाला म्हणजे झालं." दानियल म्हणतो, शाळेत मुलांना सगळं हिंदीतच होईल, मग मुंबई काय वाईट? बघा, कुठूनही निघाला तरी मुंबईलाच पोचतो.

मी म्हटलं, कागदावरच्या रेघा सरकवा हव्या तितक्या. चंद्र सरकत नाही.

त्यावरून सणांचा हिशेब सांगून ठेवते. होळीच्या पौर्णिमेला आमचा पुरीम. एस्तेर राणीने दुष्ट हामानापासून आपल्या लोकांना वाचवलं, तो सण. त्याला पुरणपोळी. आम्ही त्याला होळीचा सणच म्हणतो. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला, हनुमान जयंतीला, पेसाह. मिसर देशातल्या गुलामीतून सुटलो तो सण. त्याला बिनखमिराची भाकरी, आणि आठ दिवस घरात गव्हाच्या पिठाचा कण नको. झालं कॅलेंडर! मालक गेल्यापासून मी असंच धरते, आणि आजवर वन्संच्या छापील कागदाशी दर वेळी जुळलं.

यंदा सव्वीस मार्चला होळी. म्हणजे वन्सं पुरिमाला येताहेत. म्हणजे परीक्षा पुरिमाची. पेसाहचं नंतर बघू.

एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, नवस बोलले. पोरं वन्संच्या हाती न लागता इथेच राहिली तर मलिदा करीन — गोड पोहे, नारळ, पाच फळं. केळी तर घरचीच. म्हणजे रंभाबाईच्या घरची.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज काही विशेष नाही. चंद्र मात्र छान वाटोळा होता.

११ मार्च, रविवार

पुरिमाचं नाटक बसवतेय. वन्संना नुसतं पाठ म्हणून दाखवायचं नाही, डोळ्यांनी दाखवायचं. मिल्का एस्तेर — सूनबाईचा लग्नातला शालू गुडघ्यापाशी दुमडून. एझ्रा हामान, काजळाची मिशी. राजा कुणी व्हायला तयार नाही, कारण राजाला बोलायला काहीच नाही. शेवटी उखळावर पगडी ठेवली. उखळ राजा. दानियलपेक्षा बरा, मुंबईचं नाव काढत नाही.

हामानाचं नाव आलं की गोंगाट करायचा असतो. ही बातमी गल्लीत पोचली. आता संध्याकाळी ओसरीवर दोन नाहीत, वीसेक पोरं. थाळ्या, डबे, एक फुटका कंदील. सगळ्या सिंधीपुऱ्याच्या पोरांना हामान पाठ. पलीकडच्या गोदाबाईचा नातू मारामारीत दुसऱ्याला "हामान कहीं का!" म्हणाला.

रंभाबाई म्हणते, "मावशी, तुमचा हामान आन् आमची होलिका एकाच होळीत जाळून टाका ना. लाकडं वाचतीन."

१८ मार्च, रविवार

सूनबाई भाकरी थापताना डोळे पुसते. म्हणते धूर. चूल अजून पेटवलेलीच नव्हती.

हे तिने लिहिलं नसतं. मी म्हटलं लिही, नाहीतर पोरांच्या शाळेतल्या अलका मास्तरीणबाईंकडून लिहवून घेईन.

सूनबाई रेवदंड्याची. तिला विचारलं होतं, तुमच्याकडे सण कसा कळायचा ग? म्हणाली, "मशिदीतून सांगत." आम्ही आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो. इथे मशिदी पुष्कळ आहेत, पण त्या आमचा सण कशाला सांगतील?

२५ मार्च, रविवार

पुरण शिजलं. कणीक भिजली. दानियल म्हणाला, "आई, एवढ्या पोळ्या?" म्हटलं, आत्याचं तोंड गोड करायचंय. मोठं आहे.

२६ मार्च, सोमवार, सकाळ

टांगा वाजला! एस्तेर तयार, हामान तयार, उखळराजा पगडीत. पोळ्यांची चवड ही एवढी. या म्हणावं!

२९ मार्च, गुरुवार

सोमवार संध्याकाळपासून सण, लिहिता आलं नाही. आणि लिहिणार तरी काय होते? आता सांगते. सूनबाई, हात सैल कर.

वन्सं दारात. पांढरं पातळ, चष्मा, आणि उराशी घट्ट धरलेला एक पत्र्याचा डबा. समोर एझ्रा उडी मारून आला — "मैं हामान हूँ! सबको मार डालूँगा!" त्याबरोबर वीस थाळ्या एकदम वाजल्या. टांग्याचा घोडा बिचकला.

वन्संनी डबा खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "वहिनी, हे काय?"

"वन्सं, पुरीम! या, आधी गरम पोळी—"

"पुरीम महिन्यापूर्वी झाला. आज पेसाह आहे."

मी हसले. खरंच हसले! वाटलं, प्रवासाने डोकं फिरलं बिचारीचं. मग त्यांनी डबा उघडला. आत बिनखमिराच्या भाकऱ्या. आणि माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत कणीक.

वन्सं सांगत होत्या, "हिंदूंचा धोंड्याचा महिना गेल्या भाद्रपदात होऊन गेला. आपला जास्तीचा महिना पुढच्या वर्षी आहे. म्हणून यंदा महिन्याचा फरक. सगळं कॅलेंडरात छापलेलं आहे!"

"कुठल्या कॅलेंडरात, वन्सं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी हातांची कणीक खरवडू लागले. सूनबाई म्हणाली, "आई, आधी पोळ्या काढू या का घराबाहेर?" एवढ्या जणांत शहाणी तीच.

पेसाहला घरात खमिराचा कण नको, आणि आमच्या घरात पीठ कुठे नव्हतं? कणगीत, परातीत, हामानाच्या मिशीला. वन्संनी पदर खोचला. काय सांगू, त्या वयात ती बाई माळ्यावर चढली! सणाची भांडी खाली काढली. मी पोळ्या कुंपणावरून देतेय, पलीकडे रंभाबाई घेतेय.

"मावशी, होळीले लोक मागत येतात. तुम्ही देऊन राहिल्या?"

"घे ग बाई, विचारू नको. हे पीठ पण घे."

"काही झालं काय?"

"चंद्र सरकला."

राहिलेले तुकडे जाळायचे असतात. वन्संनी अंगणात काटक्या रचून पेटवल्या. जाळ दिसला मात्र — गल्लीतल्या पोरांना वाटलं, यांची होळी सकाळीच! धावत आली आणि जाळाभोवती फिरत तोंडावर हात मारून बोंब ठोकली. वन्संचे ओठ हलत होते, प्रार्थना चालू, भोवती वीस पोरांची बोंबाबोंब. मिल्का शालू सावरत मध्येच उभी. दानियल मिलमधून जेवायला आला तो दारातूनच मागे फिरला.

संध्याकाळ झाली. बाहेर खरी होळी पेटली. आत आम्ही स्वच्छ चादरीवर. सणाच्या ताटात उकडलेलं अंडं, मटणाचं हाड, मिठाचं पाणी, खजुराचा पाक, मनुकांचं सरबत. कडू पाला म्हणून कडुलिंब — दुसरं काय मिळणार आयत्या वेळी? वन्संनी पुस्तक उघडलं. सगळ्यात लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे असतात, ही रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का. मग वडीलधाऱ्यांनी मिसरची गोष्ट सांगायची. हा सगळा सण त्या प्रश्नांवर उभा आहे. आणि मी शिकवला होता हामान!

"विचार, एझ्रा," वन्सं म्हणाल्या.

एझ्राने माझ्याकडे पाहिलं. मी कडुलिंबाकडे. दानियलने मान खाली घातली. सूनबाईने माझं लुगडं मुठीत धरलं — हो, धरलंस, लिही.

वन्संनी पुस्तक मिटायला हात नेला. तेवढ्यात एझ्रा म्हणाला, "आजी, आपण सगळ्या पोळ्या बाहेर का दिल्या? मी एक पण नाही खाल्ली."

दानियलने मान वर केली.

"और बाहर सबकी होळी आहे, तर आपण आत का बसलोय?"

वन्संचा हात पुस्तकावर तसाच.

"आणि हा पाला कडू का? आणि ही भाकरी अशी पापडासारखी का, फुगली का नाही?" मग दम घेतला. "आणि आत्याआजी, तू सकाळी एवढी ओरडलीस का?"

मी मनात म्हटलं, संपलं. ट्रंक भरा पोरांची.

पण वन्सं माझ्याकडे वळल्या. "वहिनी, त्याने विचारलंय. सांगा."

मला पुस्तक कुठे येतं? मी आपली सांगत गेले. बाळा, आम्ही मिसरात गुलाम होतो, ते दिवस या पाल्यासारखे. एक दिवस आपला पुढारी मोशे आला, अगदी सकाळच्या गाडीने आल्यासारखा, आणि म्हणाला, उठा, निघा, आत्ता! बायकांची कणीक भिजलेली होती. फुगायला वेळ कुणाला? तशीच भाजली, घेतली आणि पळाले. बाहेर सगळ्यांचं आपापलं चालू होतं, आपलं त्या रात्री वेगळं होतं. आज सकाळी तुझी आई कशी पळत होती, पाहिलंस ना? तसं.

एझ्राने मान हलवली. "मोशे पण ओरडला?"

"फार. त्याला कुणी कॅलेंडर पाठवलं नव्हतं."

वन्सं हसल्या! पाणी ठसक्याने नाकात गेलं, मिल्काने पाठ चोळली. मग मिल्काने आपणहून शेमा म्हटला. भजनाच्या चालीवर. वन्संनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

३० मार्च, शुक्रवार

वन्सं ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. आमच्यात सणाच्या आठवड्यातही तांदूळ चालतो, नाहीतर मेलोच असतो. मी जवळ बसले. खोडी काढायला बसले होते. म्हटलं, "काय वन्सं, तुमच्या मुंबईची पोरं धडाधड म्हणत असतील ना चार प्रश्न?"

त्या म्हणाल्या, "म्हणतात. पाठ असतात. कुणाला काही विचारायचं नसतं."

आणि जरा वेळाने, तांदळातून नजर न काढता — "माणूस एकटं असलं तर त्याने स्वतःलाच विचारायचं, असं पुस्तकात आहे. गेल्या वर्षी मीच विचारलं, मीच सांगितलं."

मला काही सुचलं नाही. मला! सूनबाई, तारखेला खूण कर.

५ एप्रिल, गुरुवार

वन्सं गेल्या. स्टेशनवर दानियलला म्हणाल्या, "पोरं राहू दे इथेच. ती विचारतात. शाळेत गेली की विचारायची थांबतील." दानियल "हो आत्या" म्हणाला. त्याला एवढंच येतं.

जिंकले की मी! सूनबाईने भर स्टेशनात माझ्या पाया पडून घेतलं.

गाडी हलली तेव्हा एझ्रा खिडकीशी धावत ओरडला, "आत्याआजी, पुढच्या वर्षी तुझ्याकडे कोण विचारणार?" वन्संनी हात केला. ऐकू आलं असेल. नसेलही.

टांग्यात एझ्रा मागेच बघत बसला. नवस फेडायचा आहे, लक्षात आहे. सवडीने.

२५ एप्रिल, बुधवार

आज हनुमान जयंती. पहाटेपासून घंटा. माझ्या चंद्राच्या हिशेबाने आज पेसाह.

रंभाबाई केळी घेऊन आली — "मावशी, मलिदा कधी करता? फळं पिकून चालली." पोहे भिजवायला घेतले आणि थांबले. नवस बोलले होते वन्संपासून पोरं वाचावीत म्हणून. तो फेडायला वन्सं नकोत?

सूनबाई, वही ठेव, कार्ड घे. लिही — वन्संना साष्टांग नमस्कार. मलिदा तुमच्यावाचून अडलाय. येताना कॅलेंडर आणा. परतीचं तिकीट आणू नका.